मूळशांती

आमच्या देवघराच्या खालच्या खणात एक निळी फाईल आहे. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचं वॉरंटी कार्ड तिच्यात आहे. १९८९ सालच्या टेबलफॅनचंसुद्धा. तो पंखा केव्हाच भंगारात गेला, रायपूरच्या मालवीय रोडवरच्या ज्या दुकानातून तो घेतला तिथे आता लेहंगे मिळतात, आणि घेणारे माझे वडीलही आता नाहीत. कार्ड मात्र आहे, दुकानाच्या शिक्क्यासकट. वडिलांची शिकवण एकच होती : वस्तू बिघडणारच, कागद बिघडता कामा नये.

या वळणावर वाढल्यामुळे ‘सील तोडल्यास वॉरंटी रद्द’ अशी पट्टी दिसली की मी दोन पावलं मागे सरतो. मिक्सरच्या बुडाची अशी पट्टी एकदा ओल्या फडक्याने पुसताना आपोआप सुटली, तेव्हा मी ती फेविकॉलने परत चिकटवली आणि पुढे आठवडाभर मिक्सरच्या नजरेला नजर दिली नाही. हे सगळं सांगायचं कारण असं की, गेल्या वर्षी याच माणसाने अठरा हजारांच्या, पाच महिने जुन्या फोनची वॉरंटी घरच्या सोफ्यावर बसून, चहा पीत, स्वहस्ते घालवली.

सुरुवात आईपासून झाली. दिवा लावला की ती माझ्या फोनवर अभंग ऐकते. एका संध्याकाळी ऐन अभंगात फोनने ‘टुण्’ केलं आणि पडद्यावर पत्त्यांमधली राणी अवतरली. ‘आज नहीं खेलोगे?’ असं तिच्या खाली लिहिलं होतं. आईने चष्मा काढून पुसला, परत लावला.

“ही कोण रे, रोज दिवेलागणीला मला जुगाराला बोलावते?”

मी राणीला घालवायला गेलो. बाकीची ॲपं दाबून धरली की ‘काढून टाका’ असं येतं. हिच्यावर बोट ठेवलं तर फक्त ‘बंद करा’. बंद केली, तर चार दिवसांनी अपडेट खाऊन, ताजीतवानी होऊन परत हजर. ती फोनबरोबरच आली होती. कंपनीने तिला आत बसवूनच डब्याला सील लावलं होतं.

मी लहान असताना तात्यापाऱ्यात आम्ही भाड्याने राहायचो. चार खोल्यांपैकी एकीला मालकाचं कुलूप होतं आणि आत त्याची पितळी भांडी होती. भाडं चार खोल्यांचं, वावर तीन खोल्यांत. रात्री आत एखादं भांडं घरंगळलं की आई म्हणायची, “मालक जागे आहेत.” फोनचं हेच झालं होतं. फरक एवढाच, की ते घर भाड्याचं आहे हे आम्हाला ठाऊक होतं, आणि फोन मात्र मी विकत घेतलाय अशी माझी समजूत होती.

मालकी म्हणजे काय, यावर छत्तीसगडातल्याच एका मराठी माणसाने फार पूर्वी गोष्ट लिहून ठेवली आहे. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढणारे माधवराव सप्रे. त्यांच्या ‘एक टोकरी भर मिट्टी’ या हिंदी कथेत जमीनदार एका विधवेची झोपडी बळकावतो, पण त्याच झोपडीतली टोपलीभर माती त्याच्याने उचलवत नाही. माझी गत उलटी. अख्खा फोन मी दोन बोटांत उचलत होतो, त्यातली एक राणी उचलवत नव्हती.

“मामा, रूट मारू या याला,” भाचा म्हणाला.

भाचा भिलाईला इंजिनिअरिंग शिकतो. शनिवारी लोकलने येतो, कपडे धुवायला टाकतो आणि घरातल्या चालू वस्तू दुरुस्त करतो.

“रूट म्हणजे?”

“मूळ. मुळापर्यंत पोचायचं.”

मराठीत हा शब्द काही फार शुभ नाही. मूळ नक्षत्रावर पोर जन्मलं तर शांत करावी लागते, कोणी मुळावर उठलं तर पळावं लागतं, आणि मूळव्याध झाली तर धड बसताही येत नाही. शिवाय आम्हा रायपूरच्या मराठी माणसांना पुण्याच्या लग्नात हमखास विचारतात, “मूळचे कुठले?” इथल्या बऱ्याच घरांत याचं उत्तर ‘नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर आलो’ असं असतं. बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ रतनपूरला राज्य करत होते, त्यामुळे तारखेत बसतं. आमचे पणजोबा प्रत्यक्षात बंगाल-नागपूर रेल्वेत मालधक्क्यावर कारकून होते. सांगायचं तात्पर्य, मुळापर्यंत जाण्यात फारसा फायदा नसतो हे आम्हाला पिढीजात ठाऊक आहे.

भाच्याने समजावून सांगितलं ते असं. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे आणि लिनक्सच्या घराण्यात ‘रूट’ नावाचा एक कर्ता पुरुष असतो. तो म्हणेल ती पूर्व दिशा. तो कुठलीही फाईल वाचतो, बदलतो, पुसतो. त्याला कोणी ‘नक्की का?’ असं विचारत नाही. फोन विकत घेणारा हा त्या घरातला जावई. त्याला चहा मिळतो, पाट मिळतो, तिजोरीची किल्ली मिळत नाही. रूट करणं म्हणजे जावयाने किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावणं.

कंपन्यांनी ही किल्ली कायमच लपवली होती, पण सुरुवातीला लपवणं फार भोळं होतं. २००८ साली अँड्रॉइडचा पहिलावहिला फोन बाजारात आला, एचटीसीने बनवलेला जी-वन. त्यात एक अफाट घोळ होता. तुम्ही कीबोर्डवर जे काही टाइप कराल ते गुपचूप त्या कर्त्या पुरुषाच्या कानावरही जात होतं आणि तो ते हुकूम समजत होता. एका गृहस्थाने गप्पांच्या ओघात ‘रीबूट’ एवढाच शब्द लिहिला आणि फोन आज्ञाधारकपणे बंद होऊन परत सुरू झाला. असा नवरा मिळायला तपश्चर्या लागते, असं आमच्या हिचं मत पडलं.

खरं सांगायचं तर, हे माझं पहिलं पाप नव्हतं. २०११ साली मेव्हण्याने वापरून दिलेला एक अँड्रॉइड फोन माझ्याकडे आला होता. तो कार्डाविना आल्यामुळे निळ्या फाईलच्या हिशेबी बेवारसच होता. त्यात मराठी दिसत नसे. पुतणीच्या बारशाचा मेसेज आला तो नुसत्या चौकोनांचा. बाळाचं नाव काय ठेवलं ते मला तिच्या पहिल्या वाढदिवसाला कळलं. ऑपेरा मिनी नावाच्या ब्राउझरमध्ये एक गुप्त पान होतं, तिथे एका ‘नो’चं ‘येस’ केलं की मराठी मजकूर चित्राच्या रूपात यायचा. पण मेसेजमध्ये चौकोनच.

तेव्हा मी तो फोन घेऊन जयस्तंभ चौकातल्या रवि भवनात गेलो. रायपुरात मोबाईलचं काही अडलं की माणूस रवि भवनाकडे वळतो. एका काउंटरमागे मिसरूड फुटलेलं पोर बसलं होतं. अँड्रॉइडच्या त्या आवृत्तीचं नाव जिंजरब्रेड होतं आणि तिचं कुलूप फोडणाऱ्या ॲपचं नाव जिंजरब्रेक. पोराने ते चालवलं, फोन रूट केला, त्यातली मूळ फॉन्टची फाईल काढून देवनागरी असलेली फाईल कोंबली आणि फोन माझ्यापुढे सरकवला. मराठी आली! फक्त जरा अपघातातून उठून आल्यासारखी दिसत होती. अक्षरं होती, पण ती जुळवायची अक्कल त्या आवृत्तीला नव्हती. ‘विठ्ठल’ लिहिलं तर वेलांटी ‘व’ला ओलांडून पलीकडे जाऊन बसायची आणि जोडाक्षरातले दोन्ही ठ, एक पाय मोडलेला आणि एक धड, शेजारी शेजारी उभे राहायचे. तरी मी कृतार्थ होतो. देव आडवा-तिडवा का होईना, दिसला. पुढे आइस्क्रीम सँडविच नावाची आवृत्ती आली तेव्हा देवनागरी सरळ झाली, आणि २०१४च्या लॉलीपॉपमध्ये फोनच्या सेटिंग्जही मराठीत आल्या. मराठी वाचायला आइस्क्रीम लागलं आणि मराठीत वागायला लॉलीपॉप.

तर तो अनुभव गाठीशी होता म्हणून राणीचा काटा काढण्याआधी मी परत रवि भवनात गेलो. काउंटर तेच, पोर तेच. आता त्याला पोट आणि जाड चष्मा आला होता.

“रूट?” तो असा हसला की जणू मी पेजर दुरुस्तीला आणला होता. “अंकल, अब कोई नहीं कराता. पहले लाइन लगती थी. अब आदमी को दो चीज़ चाहिए, रील और यूपीआई. रूट मारे, तो यूपीआई गया.”

मग त्याने फोन उलटा करून बघितला. “सॅमसंग नहीं है ना? उसमें तो फ्यूज रहता है.”

मला थट्टा वाटली. पण ती गोष्ट खरी निघाली. २०१३ साली सॅमसंगने ‘नॉक्स’ नावाची व्यवस्था आणली. चिपच्या आत एक सूक्ष्म फ्यूज असतो. कंपनीची सही नसलेली प्रणाली आत घातली की तो उडतो आणि शून्याचा आकडा एक होतो. घरातला फ्यूज उडाला तर आपण स्टुलावर चढून तार बदलतो. हा मात्र जो एकदा उडाला तो उडाला. नंतर कंपनीची मूळ प्रणाली परत भरा, माफी मागा, काही करा, तो एकचा एकच राहतो. सर्व्हिस सेंटरवाला दोन बटनं दाबून तो आकडा वाचतो, जसा हवालदार तोंडाचा वास घेतो.

“आणि वॉरंटी?” मी निळ्या फाईलच्या वतीने विचारलं.

“वारंटी तो सिरा जाही, अंकल.”

छत्तीसगढीत संपण्याला ‘सिराना’ म्हणतात. इथे गणपतीही सिरवतात. म्हणजे वॉरंटीचं विसर्जन. आणि पुढच्या वर्षी लवकर या म्हणायचीही सोय नाही.

मी घाबरून घरी आलो. पण त्या संध्याकाळी राणीने आईला ‘पचास रुपये फ्री’ देऊ केले आणि आई म्हणाली, “घेऊ का रे?” प्रकरण हाताबाहेर चाललं होतं. शनिवारी भाचा आला.

फोनच्या सेटिंग्जमध्ये तळाशी ‘बिल्ड नंबर’ अशी एक ओळ असते. ती सात वेळा दाबायची. सप्तपदीसारखं सातवं पाऊल पडलं आणि फोनने जाहीर केलं : ‘आता तुम्ही डेव्हलपर आहात!’ ही स्वयंपाकघरातून धावत आली. नव्या रायपुराच्या रस्त्याला दर फर्लांगावर कुणा ना कुणा डेव्हलपरची पाटी असते, त्यामुळे तिचा पहिला प्रश्न होता, “प्लॉट कुठे पाडलेत?”

मग बूटलोडर. फोन सुरू होतो तेव्हा सगळ्यात आधी उठणारा हा दारवान. तो पुढच्याची सही तपासतो, पुढचा त्याच्या पुढच्याची, अशी साखळी. सही कंपनीची नसेल तर दार उघडत नाही. हे कुलूप काढायचा अर्ज कंपनीकडेच करावा लागतो. केला. उत्तर आलं : १६८ तास थांबा. म्हणजे सात दिवस. चोराने किंवा मधल्या दलालाने फोन उघडून त्यात भलतंसलतं भरू नये म्हणून ही मुदत. मूळ नक्षत्रावर जन्मलेल्या पोराचं तोंड शांत होईपर्यंत बापाने बघू नये म्हणतात, त्यातलाच प्रकार. आईने मात्र ‘सात दिवस’ एवढंच ऐकलं आणि “कुठे आहे सप्ताह?” असं विचारलं.

आठव्या दिवशी लॅपटॉपला वायर जोडली. फोनच्या काळ्या पडद्यावर इंग्रजीत बारीक अक्षरात बरंच काही आलं. फोनमधलं सगळं पुसलं जाईल, वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो, विचार करा. ‘हो’ म्हणायला आवाज वाढवायचं बटन, ‘नाही’ म्हणायला कमी करायचं. मी डोळे मिटले. एक क्षण त्या टेबलफॅनचा वारा लागल्यासारखं झालं. मग आवाज वाढवला.

पुढचं काम मॅजिस्क नावाच्या ॲपने केलं. जॉन वू नावाच्या तैवानी पोराने ते २०१६ साली बनवलं आणि जगभरच्या भाच्यांवर उपकार केले. शेवटी भाच्याने लॅपटॉपवर दोन अक्षरी हुकूम दिला. ओळीच्या टोकाला इतका वेळ डॉलरचं चिन्ह लुकलुकत होतं, ते जाऊन तिथे फुली-गोळ्याच्या खेळासारखी जाळी उभी राहिली. “मामा, आता तुम्ही रूट.” मी खुर्चीत जरा ताठ बसलो. राणीला हद्दपार करायला दोन सेकंदं लागली. तिच्यामागोमाग हवामान सांगणारी दोन, बातम्या देणारी तीन आणि कशासाठी आहे ते कोणालाच माहीत नसलेलं एक, अशी सहा ॲपं गेली. त्या संध्याकाळी अभंग सलग झाला. आईने मला गुळाचा खडा दिला.

सुख दोन दिवस टिकलं. आधी लक्षात आलं की फोन सुरू करताना दर वेळी नारिंगी रंगात ताकीद येते : या फोनचं कुलूप काढलेलं आहे, याच्यावर भरवसा ठेवू नका. सिगारेटच्या पाकिटासारखी. मग सोमवारी सकाळी बूढ़ातालाबजवळच्या गाडीवर पोहा-जलेबी खाल्ली, चाळीस रुपये झाले, क्यूआर कोडवर फोन धरला आणि बँकेच्या ॲपने सांगितलं की, ‘आपला फोन सुरक्षित नाही.’ गाडीवरचा भोंगा गप्प. मागे पाच माणसं. पोहेवाल्याने माझ्याकडे, मग फोनकडे, मग माझ्या हातातल्या उरलेल्या जलेबीकडे बघितलं. “कल दे देना,” तो म्हणाला. पन्नाशी उलटलेल्या विमा एजंटाला लोक काय काय म्हणाले आहेत. पण ‘कल दे देना’ इतकं कधीच लागलं नव्हतं.

भाच्याने फोनवरून उपाय सांगितला. बँकेपासून रूट लपवायचं. मॅजिस्कमध्ये एक यादी असते. तिच्यात बँकेचं नाव टाकलं की बँक दारात आली की किल्ल्यांचा जुडगा गादीखाली. आम्ही कॉलेजात असताना अंडाकरी खाऊन घरी येताना बडीशेप चघळायचो, तेच. पण आई वास घ्यायची तशी गूगलही घेतं. प्ले इंटेग्रिटी नावाची त्याची तपासणी आहे; बेसिक, डिव्हाइस आणि स्ट्राँग अशा तिच्या तीन पायऱ्या. तिसरीत फोनच्या चिपलाच थेट विचारतात की, बाई, कुलूप जागेवर आहे का? आणि चिप ही कंपनीच्या माहेरची, खोटं बोलत नाही. आठवड्यात तीन दिवस बँक चालायची, चार दिवस नाही. मी खिशात रोख ठेवायला लागलो. ज्या फोनचा मी मालक झालो होतो, त्याच्या हातून कोणी चहासुद्धा घेत नव्हतं.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. ते कुलूप राणीला आत ठेवत होतं हे खरं. पण तेच कुलूप दुसऱ्या कोणाला बाहेरही ठेवत होतं. मालकाची पितळी भांडी आणि आमच्या ट्रंका, दोन्ही एकाच दाराआड होत्या.

शेवट अपडेटने केला. फोन म्हणाला, नवी आवृत्ती आली आहे, घेऊ? भाच्याने बजावलं होतं, काही झालं तरी ‘हो’ म्हणू नका. पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीला ‘नको’ म्हणायची आमच्या घराण्यात रीत नाही. फोन बंद झाला, सुरू झाला, कंपनीचं बोधचिन्ह आलं, गेलं, परत आलं. रात्रभर तेवढंच. या अवस्थेला जाणकार ‘ब्रिक’ म्हणतात, म्हणजे वीट. पंढरपूरच्या विटेवर निदान देव उभा आहे. माझ्या विटेवर नुसतं बोधचिन्ह. फोनची वीट झाली आणि मला फोनचा वीट आला.

निळी फाईल काखोटीला मारून मी सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलाने फोन सुरू केला. नारिंगी ताकीद आली. त्याने वर बघितलं.

“रूट किया था?”

“रूट?” मी म्हणालो, “वो क्या होता है?” एकावन्न वर्षांतलं हे माझं पहिलं खोटं, पॉलिसीच्या संदर्भातली सोडून.

त्याने कार्डाच्या मागची बारावी अट दाखवली : अनधिकृत सॉफ्टवेअर बदल केल्यास वॉरंटी रद्द. मीही वाचून गेलो होतो. अमेरिकेत २०१०पासून फोनचं कुलूप उघडायला कॉपीराइटच्या कायद्यात सूट आहे, असं सांगितलं. आपल्याकडे मायक्रोमॅक्सच्या ‘यू’ फोनांनी रूट केलं तरी वॉरंटी कायम राहील असं कबूल केलं होतं, हेही सांगितलं. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं, त्याचा दाखला दिला. मुलाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“सर, रिपेयर का राइट आपका है. फ्री का नहीं है.”

एवढं बिनतोड उत्तर मला ग्राहक मंचातही मिळालं नसतं. कंपनीची मूळ प्रणाली परत भरायचे साडेसहाशे रुपये ठरले. तो कामाला लागला. वायर जोडली, पडद्यावर पट्टी सरकायला लागली. तेवढ्यात काउंटरवर चार्जिंगला लावलेला त्याचा स्वतःचा फोन आपोआप बंद होऊन परत सुरू झाला. काळा पडदा. आणि मग नारिंगी अक्षरं : या फोनचं कुलूप काढलेलं आहे, याच्यावर भरवसा ठेवू नका.

त्याने हळूच फोन पालथा घातला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. दोघं एकाच नक्षत्रावर जन्मलेले. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

जरा वेळाने तो स्वतःच हलक्या आवाजात म्हणाला, “यूपीआई के लिए एक दूसरा छोटा फोन रख लीजिए, सर. मैं भी वही करता हूँ.” आणि साडेसहाशेचे पाचशे केले.

घरी आलो. दिवेलागण झाली होती. आईने अभंग लावला, आणि बरोब्बर त्याच ओळीवर ‘टुण्’ झालं. राणी परत आली होती, चेहरा अधिकच उजळ.

“आली का गं,” आई म्हणाली, आणि तिला बोटाने बाजूला सारून अभंगाचा आवाज वाढवला. हा उपाय पहिल्या दिवसापासून उपलब्ध होता.

दुरुस्तीची पावती मी निळ्या फाईलमध्ये टेबलफॅनच्या कार्डाशेजारी लावली आहे. तिच्यावर शिक्का आहे, तारीख आहे आणि खाली छापलंय : ‘या कामावर कोणतीही वॉरंटी नाही.’ आजवर फाईलमधला हा एकच कागद आपल्या शब्दाला जागला आहे.